बसलेले अप्पा

संतपूरजवळच्या आमच्या गावात ओढ्याच्या पलीकडे ख्रिस्ती लोकांचं कबरस्तान आहे. तिथे सगळे पूर्वेकडे पाय करून झोपलेले आहेत. एकटे आमचे अप्पा बसलेले आहेत.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं, तो आधी हसला आणि मग माझ्यापासून जरा सरकून बसला. त्यात माझा काही दोष नाही. बिदरच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून पोरांपुढे घसा कोरडा केला, आणि तरी दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, पहाटे अप्पांच्या गोल ढिगाऱ्यासमोर उभी राहिले की तो हलतोय का, ते बघत राहायचे. एकाच माणसात दोन्ही मावतं. या वयात ते सांगायला मला लाज वाटत नाही.

यंदा सणाच्या आधी गावातल्या नव्या पाळकांचा फोन आला. कबरस्तानाला भिंत घालायची आहे, जमीन सारखी करायची आहे, रांगा नीट करायच्या आहेत. बोलता बोलता ते अडखळले. म्हणाले, "तुमच्या वडिलांची कबर रांगेत येत नाही. तुमची हरकत नसेल तर सणानंतर उघडू, जे असेल ते पेटीत नीट निजवू, प्रार्थना करू. आईंची फार जुनी इच्छा होती असं चर्चच्या मंडळीतले लोक सांगतात."

इच्छा होतीच. अव्वा, म्हणजे माझी आई, तेव्हा बिदरमधल्या, नौबादच्या आमच्या घरात पुढ्यात ताट घेऊन तूर निवडत होती. फोनमधला आवाज तिला स्वच्छ ऐकू जात होता. जिच्यासाठी तिने आधीच्या प्रत्येक पाळकाकडे पदर पसरला, ती गोष्ट आता एक परका तरुण आपण होऊन द्यायला निघाला होता. तिचा हात तेवढा ताटात थांबला.

अप्पांची गावात पिठाची गिरणी होती. इंजिनाची. दुपारी इंजिन सुरू झालं की त्याचा टुक्‌ टुक्‌ आवाज ओढ्यापलीकडे जायचा आणि बायका डोक्यावर ज्वारीचे डबे घेऊन निघायच्या. अप्पांच्या भुवया, कानांच्या पाळ्या, मनगटावरचे केस, सगळं पांढरं असायचं. घरी आले की आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून अंग झटकायचे आणि संध्याकाळच्या उन्हात त्यांच्याभोवती पीठ तरंगत राहायचं. त्या पिठाला वास असतो. गार पिठाला नाही, जात्यातून नुकत्या पडलेल्या ऊन पिठाला. तो वास म्हणजे माझे वडील. त्यांचा चेहरा आता मला धड आठवत नाही, फोटोतला आठवतो. वास मात्र त्यांचा त्यांचा आठवतो.

त्यांना दोन नावं होती. जन्माने ते लिंगायत, बसप्पा. आमच्या मंडळीत आले, बाप्तिस्मा घेतला, अव्वाशी लग्न केलं, तेव्हा योहान झाले. का आले, कसे आले, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लहान मुलांना वडील सुरुवातीपासून तसेच असतात. चर्चच्या दारात लोक "योहानअण्णा" म्हणायचे आणि गिरणीच्या दारात तेच लोक "बसप्पा, बारीक दळ रे" म्हणायचे. अप्पा दोन्हीला ओ द्यायचे. त्यात कधी कुणाचं काही अडलं नाही, ते वारले त्या दिवसापर्यंत.

ते वारले वैशाखात, चालत्या इंजिनाशेजारी. मी तेव्हा तिसरीत होते. इंजिन कुणाला बंद करता येईना, त्यामुळे त्यांना घरी आणलं तरी आवाज चालूच होता, आणि मला वाटत होतं की ते तिकडेच आहेत, दळताहेत. तेल संपलं तेव्हा इंजिन आपोआप थांबलं. अव्वा रडायला लागली ती त्यानंतर.

आमच्याकडे कबर खणणारा एकच होता, हणमंता. ज्यांच्यात पुरतात त्या सगळ्यांची माती तोच करायचा. मुसलमानांना कुशीवर निजवायला एक तऱ्हा, आम्हाला पाठीवर निजवायला दुसरी. लिंगायतांना मात्र निजवत नाहीत, बसवतात. त्यासाठी अरुंद पण खोल खड्डा आणि आत, एका भिंतीत, माणूस मांडी घालून बसेल एवढा कोनाडा. कोनाड्यापुढे फरशी लावतात, म्हणजे माती अंगावर पडत नाही. हणमंताला निरोप गेला की गिरणीचा बसप्पा गेला. त्याने बसप्पाच्या बापाला बसवलं होतं, आज्याला हणमंताच्या बापाने बसवलं होतं. जागा ओढ्यापलीकडची सांगितली तेव्हा त्याला जरा नवल वाटलं असेल. पण हाताला जी सवय, ती त्याने केली.

आम्ही पेटी घेऊन पोचलो तेव्हा तो घाम पुसत उभा होता आणि त्याच्या पायाशी विहिरीसारखा उभा खड्डा होता. वरची काळी माती सोडली की आमच्याकडे खाली नुसता मुरूम आणि दगड. लांबी वाढवायची तर दुसरा दिवस उजाडला असता. उन्हामुळे प्रेत ठेवता येत नव्हतं, आणि औरादकडून काळं आभाळ चढत होतं. बायका कुजबुजायला लागल्या. म्हातारे पाळक हातातलं पवित्र शास्त्र मिटून खड्ड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तोंड पूर्वेला येतंय ना? मग उतरवा."

पण मेलेल्याला बसवायचं कसं, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या गुरप्पाकाकांना. अप्पांचे धाकटे भाऊ. अप्पांच्या बाप्तिस्म्यानंतर ते आमच्या घरचं पाणी पीत नसत, आणि त्या दिवशीही लांब बाभळीखाली एकटे उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नाही. ते आपण होऊन आले, कपाळावरची विभूती उपरण्याने पुसली आणि खड्ड्यात उतरले. पेटीतून अप्पांना काढून वरून त्यांच्या हातात दिलं. मला हणमंताच्या बायकोने पदराखाली घेतलं होतं, पण पदर पातळ होता. खाली काका काही तरी बोलत होते, कानडीत, हळू, लहान भावाने मोठ्याशी बोलावं तसं. मग ते गप्प झाले. बराच वेळ गप्प राहिले. वर आले तेव्हा त्यांच्या केसांत पीठ होतं.

पेटी रिकामी परत आली. ट्रॅक्टरमध्ये पेटी आणि पेटीशेजारी मी. खड्ड्यांतून तिचं झाकण आपटायचं आणि हणमंता बसल्या जागेवरून ते हाताने दाबून धरायचा. अव्वाने ती पेटी फोडू दिली नाही, विकू दिली नाही. आमच्या गोधड्या तिच्यात राहायला लागल्या. हिवाळ्यात त्या गोधड्या पांघरून आम्ही झोपायचो, आणि आम्हाला काही वाटायचं नाही. पाहुणे मात्र दुसऱ्यांदा मुक्कामाला येत नसत.

आता त्या पहाटेबद्दल. आमच्यात पुनरुत्थानाच्या सणाला उजाडायच्या आत सगळे कबरस्तानात जातात. हातात मेणबत्त्या, पायांत काटे, शेतं कापून मोकळी झालेली, आणि हवेत तुरीच्या वाळक्या काड्यांचा वास. जो तो आपापल्या माणसाच्या पायथ्याशी उभा राहतो. प्रभू पूर्वेकडून येणार, कर्णा वाजणार, आणि झोपलेला उठून बसला की त्याचं तोंड आपोआप प्रभूकडे होणार, वळायला नको, शोधायला नको, म्हणून पाय पूर्वेला. हे आम्हाला बोलायला लागण्याआधीपासून माहीत असायचं. तर आभाळ फटफटलं की पाळक हात वर करतात आणि सगळे आपल्या माणसाला हाक मारतात. अप्पा, सकाळ झाली. अक्का, सकाळ झाली. आज्जा, सकाळ झाली. नाव घेत नाहीत, नात्याने हाक मारतात. आणि मग थांबतात.

ते थांबणं मला कधी सोसलं नाही. कुणी खोकत नाही, लेकरं रडत नाहीत, ओढ्यातली टिटवीसुद्धा नेमकी तेवढा वेळ गप्प. एवढी माणसं जमिनीकडे बघत खरोखर वाट बघत असतात. यंदा कुणी उठलं नाही, असं पाळकांच्या मनाला पटलं की ते गाणं सुरू करतात, सगळ्यांचा श्वास सुटतो, आणि मग तिथेच चहा आणि सुशीला वाटतात. चुरमुऱ्यांचा तो ओलसर, तिखट उपमा खाताना लोक अगदी जोरजोरात बोलतात. घाबरलेली माणसं नंतर बोलतात तसं.

सगळे उभे असायचे तेव्हा अव्वा खाली बसायची. अप्पांच्या समोर, मांडी घालून. तिचं म्हणणं, समोरचा बसलेला असताना उभं राहून बोलणं बरं दिसत नाही. उन्हाळ्यात आमची काळी जमीन फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बाकीच्या कबरींवर त्या कशाही पडायच्या. अप्पांच्या ढिगाऱ्यावर दर वर्षी एकच पडायची, पूर्वेच्या अंगाला, आणि अव्वा नेमकी तिच्याशी तोंड नेऊन बोलायची. एकदा मी तिच्याशेजारी वाकले. भेगेतून गार वारा येत होता, आणि त्या गार वाऱ्याला ऊन पिठाचा वास होता. गिरणी तेव्हा बंद पडून कित्येक वर्षं झाली होती, जात्याचे दगड लोकांनी ओढ्यात धुणं धुवायला नेले होते. मी अव्वाकडे पाहिलं. ती म्हणाली, "आला का तुला बी?" आणि पदराने तोंड पुसून गाण्यात सामील झाली.

या वासाचं मी मुलांना शास्त्रीय कारण देऊ शकते. आत पोकळी आहे, दबलेली हवा आहे, कपड्यांत पीठ होतं. मला ते कारण पुरत नाही.

अव्वाला भीती वासाची नव्हती. तिची भीती वेगळी होती आणि ती तिने कधी लपवली नाही. रविवारच्या शाळेत पोरं मला चिडवायची, तुझे अप्पा पहिल्यांदा उठतील, बसूनच आहेत, नुसतं उभं राहायचंय. ते मला आवडायचंसुद्धा. पण मोठ्या बायका अव्वाला दुसरंच सांगायच्या. देवदूत रांगेने जातील, झोपलेल्यांना उठवत जातील. मध्येच एक लिंगायतासारखा बसलेला दिसला तर म्हणतील हा आपला नव्हे, हा चुकून इकडे आला, आणि पुढे जातील. अव्वा सगळं खरं मानणारी. तारण झालं आहे, स्वर्ग आहे, तिथे रडणं नाही, हे तिला घरातल्या चुलीइतकं पक्कं होतं. फक्त तिथे पोचल्यावर नवरा दिसला नाही तर त्या स्वर्गाचं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. म्हणून ती पाळकांच्या मागे लागायची, त्यांना बाहेर काढा, नीट निजवा. आणि प्रत्येक पाळक म्हणायचा, झालं ते झालं, प्रभूला सगळं कळतं. अव्वा घरी येऊन म्हणायची, "प्रभूला कळतंय गं. दूतांचं काय?"

यंदा मी तिला गाडीने घेऊन गेले. भिंतीच्या विटा ओढ्याकाठी रचून ठेवल्या होत्या. मन्नाएखेळ्ळीहून गुरप्पाकाका आले होते, काठी टेकत, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. त्यांनाही निरोप गेला होता. हाका झाल्या, थांबणं झालं, गाणं झालं. सुशीलाच्या पातेल्याभोवती गर्दी झाली तरी अव्वा अप्पांसमोर बसूनच राहिली. नवे पाळक तिच्याजवळ गुडघ्यावर टेकले. मुलगा चांगला आहे, हे मी सांगितलंच पाहिजे.

"अम्मा, सगळी तयारी झालीय," ते म्हणाले. "उद्या सकाळी उघडू. नवी पेटी सांगून ठेवलीय."

"निजवून काय करणार तुम्ही?"

"नीट निजवलं की ते विश्रांती घेतील. सगळ्यांसारखी."

"मग आत्ता काय करायलेत ते?"

काका पुढे झाले. "वैनी, मी बसवलंय, मीच काढतो. अंग चालंना माझं, पण उतरतो. कुण्या परक्यानं हात लावू न्हाई."

अव्वाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "भावजी, खरं सांगा. त्या दिवशी खाली काय झालतं? तुम्ही लई येळ गप्प होतात."

"एवढी वर्षं विचारलं न्हाई तुम्ही."

"आज विचारायले."

काठीवर दोन्ही हात ठेवून काका ढिगाऱ्याकडे बघत म्हणाले, "लाकडासारखं झालतं त्याचं अंग. मला वाटलं, आता ह्याचे गुडघे मोडावं लागतेत. मी म्हटलं, अण्णा, माझ्या हातून ते हुईना. नुसते काखेत हात घालून उभा राहिलो, वैनी. पाय म्या दुमडले न्हाईत. त्यानं दुमडले. हळू बसला, गिरणीत गल्ल्याम्होरं बसायचा तसा, आन् मान सरळ केली. मी नुसता धरून होतो."

माझ्या हातातला चहाचा ग्लास मी खाली ठेवला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि अप्पांना एकदा हात लावावासा वाटत होता. हे दोन्ही एकदम वाटलं.

अव्वाने मात्र मोठा श्वास सोडला. पाळकांना म्हणाली, "राहू द्या तसंच. आपल्या मनानं बसलेत ते. झोपलेल्याला हलवून निजवावं, जाग्या माणसाला कामून निजवायचं?"

"पण अम्मा, तुम्हीच इतकी वर्षं..."

"व्हय, मीच. आता एक करा. माझा बी खड्डा असलाच काढा. ह्यांच्या म्होरं. तोंड ह्यांच्याकडं."

पाळक हळूच म्हणाले, "तुमच्या लक्षात येतंय का? मग तुमची पाठ पूर्वेला येईल. प्रभू येईल तेव्हा तुम्ही त्याच्याकडे पाठ करून असाल."

"येऊ दे की. ह्यांच्या तोंडावर उजेड पडला की मला दिसंल. मग मला कळंल, आलाय म्हणून."

"आणि दूतांनी तुम्हालाच मागे टाकलं तर?" हे मी विचारलं.

अव्वाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तिसरीतली झाले. "माझं एकच नाव हाय. मला हाक मारताना कुणाचा घोटाळा हुईना. घोटाळा ह्यांचा हाय. कुणी इचारलं, ह्यो कुठला, कुणाचा, तर सांगायला म्होरं माणूस नको का? मी सांगते, योहान हाय, माझा हाय, ह्याला घ्या आन् मग मला घ्या."

काका रडायला लागले. "इरली, वैनी," एवढंच कानडीत म्हणाले. असू दे. पाळक उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि विटांकडे चालत गेले. जाताना त्यांनी भिंतीसाठी आखलेली पांढरी फक्कीची रेघ पायाने पुसली आणि ढिगाऱ्यापुढे आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून पलीकडून नवी ओढली.

तेव्हापासून नौबादच्या घरात अव्वाने आपली खुर्ची फिरवून घेतली आहे. आमच्या पुढच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. पूर्वी ती सकाळी खिडकीकडे तोंड करून प्रार्थना करायची. आता खिडकीकडे पाठ करून बसते आणि मला समोर बसवते. मी मनात म्हणते, हे काय खूळ, आणि जाऊन बसते. ती प्रार्थना करत नाही. डोळे उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहते. ऊन आधी माझ्या केसांवर येतं, मग कपाळावर, मग डोळ्यांत. डोळे मिटायचे नाहीत, अशी तिची ताकीद आहे. तिला सवय करून घ्यायची आहे, एवढं मला कळतं. तिला जायची भीती उरलेली नाही. मला मात्र तिला कुठेही पाठवायचं नाही, मग तो स्वर्ग का असेना.

परवा असंच बसलो होतो. ऊन माझ्या डोळ्यांवर आलं होतं आणि मध्येच क्षणभर गेलं. ढग नव्हता. खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहावं तसं झालं, आणि पुन्हा ऊन आलं, पहिल्यापेक्षा जास्त. तिसऱ्या मजल्यावर आमच्या खिडकीबाहेर उभं राहायला जागा नाही.

"कामून दचकलीस?" अव्वा म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. "आला का?"

"नाही अव्वा," मी म्हणाले. "अजून नाही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. माझं तिला खरं वाटलं की नाही, ते मला कळलं नाही. "बरं," ती म्हणाली, आणि बसल्या बसल्या खुर्ची आणखी थोडी माझ्याकडे ओढून घेतली.